विश्लेषण : ऑटोमॅटिक छोटी कार खरोखरच जास्त मायलेज देते का?

ऑटोमॅटिक गाडी म्हणजे पेट्रोलचा जादा खर्च, हे समीकरण भारतीय ग्राहकाच्या मनात वर्षानुवर्षे पक्के बसले होते. आता मात्र अनेक छोट्या मोटारींच्या माहितीपत्रकात ऑटोमॅटिकचा मायलेजचा आकडा मॅन्युअलपेक्षा मोठा छापलेला दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि ‘थोडे पैसे घालून ऑटोमॅटिकच घ्यावी का’ हा प्रश्न आणखी काही कुटुंबांच्या आवाक्यात आला. हे वाढीव पैसे पेट्रोलच्या बचतीतून खरेच वसूल होतात का? आणि कागदावरचा आकडा रस्त्यावर का उतरत नाही?

कागदावरचे आकडे काय सांगतात?

मारुती सुझुकीच्या २०२४ मधील नव्या स्विफ्टचे प्रमाणित मायलेज मॅन्युअलमध्ये लिटरला २४.८० किमी, तर ऑटोमॅटिकमध्ये २५.७५ किमी आहे. वॅगन आरच्या १ लिटर इंजिनाच्या गाडीत हेच आकडे २४.३५ आणि २५.१९ आहेत. अल्टो के-१० मध्ये ते २४.३९ आणि २४.९० आहेत. म्हणजे तिन्ही ठिकाणी ऑटोमॅटिक पुढे आहे. पण त्याच कंपनीच्या फ्रॉन्क्सच्या टर्बो इंजिनात चित्र उलटे होते. तिथे मॅन्युअलला २१.५ किमी, तर ऑटोमॅटिकला २०.०१ किमी मिळतात. कारण ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द एकच असला तरी त्यामागची यंत्रे वेगवेगळी आहेत.

ऑटोमॅटिकचे प्रकार कोणते?

स्विफ्ट, वॅगन आर, अल्टो यांत असते ती एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. भारतात हे तंत्र २०१४ मध्ये सेलेरिओसोबत आले. यात गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअल गाडीचेच असतात. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम चालकाच्या पाया-हाताऐवजी संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा करते. त्यामुळे ती स्वस्तही पडते आणि इंजिनाची ताकद वाटेत वायाही कमी जाते.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लचऐवजी तेलाने भरलेले यंत्र असते. गाडी हळुवार निघते, पण तेल घुसळण्यात काही ऊर्जा खर्च होते. अशी गाडी सिग्नलला ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभी असली, तरी इंजिन त्या तेलाला ढकलतच असते. पूर्वीच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्यांमुळे ‘ऑटोमॅटिक पेट्रोल पिते’ ही ख्याती झाली. फ्रॉन्क्स टर्बोमध्ये सहा गिअरची सुधारित आवृत्ती आहे. वेग पकडल्यावर तेलाला वगळून इंजिन थेट जोडणारी सोयही आता असते, तरीही थोडा फरक उरतोच.

तिसरा प्रकार सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुल्या आणि त्यांवरचा पट्टा यांच्या साहाय्याने इंजिन किफायतशीर वेगात फिरत ठेवता येते. होंडाच्या २०२४ च्या अमेझमध्ये मॅन्युअलचे मायलेज १८.६५, तर सीव्हीटीचे १९.४६ किमी आहे. दोन क्लचची डीसीटी हा चौथा प्रकार, पण छोट्या मोटारींत तो कमी आढळतो.

चाचणीत एएमटी पुढे का जाते?

जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘केंद्रीय मोटार वाहन नियम ११५ (जी) नुसार प्रमाणित’ असे लिहिलेले असते. पुण्यातील एआरएआय किंवा मानेसर येथील आयकॅट यांसारख्या संस्था हे प्रमाणपत्र देतात. बोलीभाषेत त्यालाच ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करून ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ नावाच्या ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे चालवली जाते. एकूण ११८० सेकंद, म्हणजे जेमतेम २० मिनिटे. अंतर ११ किमीच्या आत. कमाल वेग ताशी ९० किमी. एसी बंद. कोणत्या सेकंदाला किती वेग हवा, हे आधीच ठरलेले. बाहेर पडणाऱ्या धुरातील कार्बन मोजून त्यावरून किती इंधन जळले, याचा हिशेब काढतात.

मॅन्युअल गाडीत गिअर कधी बदलायचा हेही या चाचणीआधीच ठरवलेले असते. एएमटीमध्ये तो निर्णय गाडीचा संगणक घेतो. संगणकाला लवकरात लवकर वरचा गिअर टाकायला शिकवलेले असते, कारण वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी आणि इंधनही कमी. चाचणीतला वेग इतका संथपणे वाढतो, की संगणकाला पुन्हा खालचा गिअर टाकण्याची वेळ फारशी येत नाही. लिटरमागे अर्धा ते एक किमीची आघाडी बव्हंशी इथेच मिळते.

कंपन्यांनाही या आकड्यात रस असतो. ‘कॅफे’ निकषांनुसार कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींचे सरासरी कार्बन उत्सर्जन ठरावीक मर्यादेत ठेवावे लागते आणि ही सरासरी चाचणीतल्या आकड्यांवरूनच काढतात. या निकषांचा दुसरा, अधिक कडक टप्पा २०२२-२३ पासून लागू झाला.

रस्त्यावर हा आकडा का घटतो?

याचे सर्वांत मोठे कारण गिअरबॉक्स नसून वाहतूक कोंडी आहे. उदाहरणादाखल पुण्यातला हिंजवडीच्या वाटेवरचा १२ किमीचा प्रवास घेऊ. गाडी चालू असताना ती लिटरला १८ किमी देते असे मानले, तर १२ किमीसाठी ०.६७ लिटर पेट्रोल लागेल. पण वाटेत सिग्नल आणि कोंडीत मिळून २० मिनिटे गाडी जागेवर उभी राहिली आणि एसीसह इंजिनाने तासाला ०.७ लिटर या दराने पेट्रोल जाळले, तर आणखी ०.२३ लिटर गेले. एकूण ०.९ लिटर. मायलेज थेट १३.३ किमीवर आले. गाडी मॅन्युअल असो वा ऑटोमॅटिक, हे पेट्रोल जाणारच.

त्यात थंड इंजिनाने सुरू होणारे छोटे प्रवास, कमी हवेचे टायर, चार माणसे आणि सामान, उड्डाणपुलांचे चढ यांची भर पडते. महामार्गावर वेगाचा फटका बसतो. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था (पीसीआरए) ताशी ४५ ते ५५ किमी वेग किफायतशीर असल्याचे सांगते, ते यामुळेच.

प्रत्यक्षात कोण पुढे, मॅन्युअल की एएमटी?

मोकळ्या महामार्गावर दोघी जवळपास बरोबरीत असतात. शेवटच्या गिअरमध्ये एका वेगाने धावताना दोन्ही गाड्यांचे इंजिन, गिअर आणि क्लच सारखेच काम करत असतात. फरक पडतो तो शहरात आणि चढावर.

शहरात मॅन्युअल गाडीचे मायलेज पूर्णपणे चालकाच्या सवयीवर अवलंबून असते. हाफ क्लचवर गाडी रेटणारा किंवा दुसऱ्या गिअरमध्येच गाडी गुरगुरवणारा चालक असेल, तर संगणक त्याच्यापेक्षा सरस ठरतो. उलट पुढचा सिग्नल लाल दिसताच अ‍ॅक्सिलरेटर सोडणारा आणि वेळेवर गिअर बदलणारा चालक संगणकाला सहज मागे टाकतो. कारण पुढचा चढ आणि रिक्षावाल्याचा इरादा त्याला दिसतो, संगणकाला नाही. एएमटी गिअर बदलताना क्षणभर अडखळते. त्या अडखळण्याला कंटाळून चालक अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबतो, संगणक लगेच खालचा गिअर टाकतो आणि चाचणीतली आघाडी तिथेच संपते.

चढावर एएमटी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरण्याची सवयही महागात पडते. त्यात क्लच घासत राहतो, पेट्रोल जाते आणि क्लच प्लेटचे आयुष्यही. अशा वेळी ब्रेक दाबून थांबणे योग्य.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल केल्यास पेट्रोल वाचते, हा समजही चुकीचा आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की फिरत्या इंजिनाला होणारा इंधनपुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागतेच. शिवाय बोरघाटासारख्या उतारावर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात, हा धोका वेगळाच.

ही तफावत फक्त भारतातच आहे का?

नाही. भारताची चाचणी युरोपच्या जुन्या ‘एनईडीसी’ चाचणीवरून घेतलेली आहे. ती प्रत्यक्षापासून फार दूर असल्याची टीका झाल्यावर युरोपने २०१७ पासून ‘डब्ल्यूएलटीपी’ ही अधिक कडक चाचणी आणली. तिथल्या नव्या मोटारींत आता प्रत्यक्ष किती इंधन जळते याची नोंद ठेवणारी यंत्रणाही सक्तीची आहे. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या मोटारींच्या अशा नोंदी युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केल्या. कडक चाचणी असूनही पेट्रोल-डिझेल गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन आणि इंधनखर्च चाचणीपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघाला. मग जुन्या धाटणीच्या चाचणीतला आकडा आपल्या रस्त्यांवर मिळेल, ही अपेक्षाच अवाजवी ठरते.

इथेनॉलचा काय परिणाम होतो?

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालात २० टक्के इथेनॉलमुळे जुन्या रचनेच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के, तर त्यासाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांचे १ ते २ टक्के घटेल, असा अंदाज होता. ही घट मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्हींना सारखीच लागू होते. तुलना करताना ती कोणाच्याही बाजूने धरता येत नाही.

वाढीव किंमत वसूल होते का?

एएमटीसाठी साधारण ४५ ते ५० हजार रुपये जास्त मोजावे लागतात. वर्षाला १२ हजार किमी प्रवास आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. स्विफ्टचे कागदावरचे आकडे जसेच्या तसे मानले, तरी मॅन्युअलला ४८४ लिटर आणि एएमटीला ४६६ लिटर पेट्रोल लागेल. बचत १८ लिटरची, म्हणजे वर्षाला सुमारे १,९०० रुपये. या गतीने ४५ हजार रुपये वसूल व्हायला २४ वर्षे लागतील. खासगी गाडीची नोंदणी सुरुवातीला १५ वर्षांसाठीच असते!

उलट बाजूही पाहायला हवी. रस्त्यावर मॅन्युअलने १६ आणि एएमटीने १५ किमी दिले, तर वर्षाला ५० लिटर म्हणजे ५,२०० रुपये जादा जातील. महिन्याला साधारण ४३५ रुपये. रोज दीड तास क्लच दाबणाऱ्या डाव्या गुडघ्याच्या आरामासाठी ही किंमत अनेकांना जड वाटणार नाही.

इथे आणखी एक गोम आहे. मायलेजमधला एक किमीचा फरक सगळीकडे सारखा नसतो. २४ वरून २५ वर गेल्यास १२ हजार किमीमागे २० लिटर वाचतात. १२ वरून १३ वर गेल्यास ७७ लिटर वाचतात. म्हणजे कोंडीत अडकणाऱ्या गाडीच्या चालवण्यात थोडी सुधारणा केली, तर ती माहितीपत्रकातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी ठरते.

खरे मायलेज कसे मोजावे?

डॅशबोर्डवरचा आकडा हा संगणकाचा अंदाज असतो. अधिक भरवशाची पद्धत जुनीच आहे. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरची नोंद करावी. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरून, कापलेल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागावे. एका वेळेवर निष्कर्ष न काढता सलग चार-पाच वेळांची सरासरी घ्यावी.

मग निवड कशी करावी?

प्रमाणित आकडा हे आश्वासन नसून एकाच कसोटीवर दोन गाड्यांची तुलना करण्याचे साधन आहे. दोन मॉडेलमध्ये चार-पाच किमीचा फरक असेल, तर त्याला अर्थ आहे. एकाच मॉडेलच्या मॅन्युअल आणि एएमटीमधल्या अर्ध्या-एक किमीच्या फरकावर निर्णय घेणे व्यर्थ आहे. तेवढा फरक टायरमधली हवा आणि चालकाचा उजवा पाय एका आठवड्यात पुसून टाकतो. रोजचा प्रवास कोंडीचा असेल, घरात दोन-तीन जण गाडी चालवत असतील किंवा गुडघ्याचा त्रास असेल, तर ऑटोमॅटिक जरूर घ्यावी. मात्र ते पैसे आरामाच्या खात्यात लिहावेत, पेट्रोलच्या नव्हे. आणि शोरूममध्ये ‘सर, ऑटोमॅटिकचे अ‍ॅव्हरेज जास्त आहे’ असे कोणी सांगितले, तर टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी रविवारी सकाळी नव्हे, सोमवारी संध्याकाळी सहा वाजता मागावी.