नाण्यांचा सेट घ्या, पण गल्ल्यातून नको!

सरकारी टांकसाळीचे सेट मलाही आवडतात. यूएनसी म्हणजे चलनात न फिरलेलं कोरं नाणं. प्रूफ म्हणजे पॉलिश केलेल्या ठशाने एकापेक्षा जास्त वेळा दाबून पाडलेलं, आरशासारखं चमकणारं. पण २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं बघा: वजन ३५ ग्रॅम, त्यात चांदी निम्मीच. वरची किंमत हौसेची.

मी एकदा दिवाळीच्या मालाचे पैसे सेटमध्ये अडकवले. विकायला गेलो, तर व्यापाऱ्याने खरेदीपेक्षाही कमी भाव सांगितला. इकडे दुकानात माल नाही, गिऱ्हाईक परत गेलं. म्हणून सांगतो, छंद नफ्यातून करा, भांडवलातून नको. गल्ल्यातला रुपया फिरला तरच वाढतो. प्रूफ नाण्याला तर बोटही लावायचं नसतं!