वार्धक्य आणि विश्रांती

‘जन्मभर राबलात, आता स्वस्थ बसा, सारे हातात आणून देऊ,’ असे म्हणून आईपुढची विळी आणि वडिलांच्या हातातील बाजाराची पिशवी काढून घेणे हीच मातृपितृसेवेची पराकाष्ठा होय, असा समज आपल्या सुखवस्तू घरांत दृढमूल झाला आहे. आणि त्याच्या मुळाशी खरी माया असल्यामुळे त्याचे खंडन जितके अवघड, तितकेच अवश्य आहे.

या पक्षाचा मुख्य मुद्दा असा, की म्हातारे माणूस वावरले तर पडेल आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळेल. हे भय खोटे नाही. त्यावर योजलेला उपाय मात्र भयालाच पोसणारा आहे. बसून राहिलेल्या माणसाच्या मांडीचे स्नायू झिजतात, ते झिजले म्हणजे तोल जातो, आणि जे टाळण्यासाठी त्याला बसवले तेच अखेर ओढवते. ही झीज वयाचीच, तिला इलाज नाही, असे मानणाऱ्यांनी डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला बॉस्टन येथील प्रयोग पाहावा. तेथील वृद्धसेवागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांनी पायाने वजन उचलण्याचा व्यायाम आरंभिला, आणि आठ आठवडे तो पुरा करणाऱ्या नऊ जणांच्या मांडीची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम थांबल्यावर चारच आठवड्यांत ती ३२ टक्क्यांनी उतरली, हा दुसरा आकडा तर मला अधिक बोलका वाटतो. कारण सक्तीच्या विश्रांतीने काय हिरावले जाते, त्याचा तो रोकडा पुरावा आहे.

२००७ च्या केंद्रीय कायद्याने मातापित्यांच्या निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची गणना केली, ते योग्यच झाले; परंतु मुलांनीही आपल्या कर्तव्याची हद्द तेथेच आखावी, हे मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्य रोगाच्या अभावावरून न ठरविता, माणसाला जे मोलाचे वाटते ते करता येण्याच्या क्षमतेवरून ठरविले, ही दृष्टी अधिक माणुसकीची आहे. तेव्हा न्हाणीघरात धरायला भक्कम दांडी, जिन्याला कठडा, रात्री वाटेवर दिवा, ओट्याशी टेकायला उंच स्टूल, एवढी तजवीज घराने आधी करावी, आणि मग देवपूजा, भाजी निवडणे, दूधवाल्याचा हिशेब ही कामे मुखत्यारीसह त्यांच्याकडेच राहू द्यावीत.

‘पण त्यांना वेळ फार लागतो,’ ही शेवटची तक्रार मला सर्वांत दुबळी वाटते. मेथीची जुडी निवडायला आजीला तास लागला, तर तो तास तिचा आहे. स्मरण क्षीण झालेल्या आजीने चार काड्या पानांत राहू दिल्या, तर सुनेने त्या मागाहून वेचाव्यात, पण जुडी तिच्यापुढून उचलू नये.