घुबडाचा अपराध काय?

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, चिखली आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांचा व नव्या वस्त्यांचा जो पट्टा पसरला आहे, त्यात एक तक्रार वारंवार कानी येते. कोणाच्या सज्जात, कोणाच्या इमारतीच्या डक्टमध्ये, कोणाच्या पाण्याच्या टाकीखाली घुबड येऊन राहते. रात्री फिसकारल्याचा, घोरल्याचा आणि मध्येच किंचाळल्याचा आवाज येतो. दिवा लावून पाहावे तो पांढऱ्या तोंडाचे, काळ्या डोळ्यांचे काहीतरी टक लावून बघत असते. मग घरात एकच हलकल्लोळ उडतो. कोणी काठी घेतो, कोणी फटाका लावतो, आणि दुसऱ्या दिवशी "शांत करून घ्या, नाहीतर घराला बाधेल" असे सांगणारा शहाणा दाराशी हजर होतो. ज्या माणसाने शेताचा तुकडा विकून किंवा कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या, त्याच्या जिवाला ही भीती विनाकारण लागते. म्हणून आमचे म्हणणे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. घुबड हा अपशकुन नव्हे. ते शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार आहे, आणि त्याची भीती बाळगण्यात नुकसान आपले व फायदा दुसऱ्याचा आहे.

पहिला प्रश्न असा, की कोण कोणाच्या घरात शिरले? हा सारा मुलूख पवना आणि इंद्रायणीच्या काठचा, ज्वारी-बाजरीचा आणि कांद्याचा. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. त्यामागून मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि १९९७ साली मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे, वाकड, रावेत अशी गावे तिच्या हद्दीत गेली. मागाहून चाकणचे माळ कारखान्यांनी भरले. बांधावरचा जुना आंबा गेला, चिंच गेली, पडका वाडा गेला, दगडी विहीर बुजली. या सर्वांच्या ढोलीत, कोनाड्यात आणि कपारीत घुबडांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती. त्या वस्तीचा मोबदला त्यांस कोणी दिला नाही. आता ढोलीसारखी काळोखी व निवांत जागा त्यांना आमच्या डक्टमध्येच दिसते. जमीन संपादनात ज्याचे घर गेले, त्या कुणब्यास हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

ही घुबडे कोणती, तेही ओळखून घ्यावे. इमारतीत राहायला येते ते बहुधा गव्हाणी घुबड. त्याच्या नावातच गव्हाण आहे. गुरांच्या गोठ्याशी, कणगीशी आणि खळ्याशी त्याचा संबंध जुना आहे. तारेवर नाहीतर दिव्याच्या खांबावर तिन्हीसांजेला जोडीने बसून कलकलाट करतो तो मूठभर पिंगळा. तो किडे, भुंगे आणि लहान उंदीर खातो. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असलेले मोठे शृंगी घुबड ओढ्याच्या दरडीत किंवा खाणीच्या कडेला राहते, आणि त्याचा घुमणारा आवाज दूरवर जातो. आता यांच्यावरचे आरोप एकेक करून तपासू.

पहिला आरोप, घुबड ओरडले की घरात माणूस मरतो. बंधूंनो, पिंगळा रोज रात्री ओरडतो. ज्या रात्री ओरडला आणि कोणी मेले नाही, अशा शेकडो रात्री आपण विसरतो. ज्या एका रात्री दोन्ही गोष्टी जुळल्या, ती मात्र जन्मभर सांगत बसतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदीचा दोष कावळ्याकडे जात नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या घरात दुखणेकरी अंथरुणाला खिळलेला असतो, तिथे रात्रभर दिवा जळतो. दिव्याभोवती किडे जमतात आणि किड्यांसाठी पिंगळा येतो. घरची माणसे जागी असल्यामुळे त्याचा आवाज ऐकतात. इतर घरांच्या कौलावरही तो ओरडून जातो, पण तिथली माणसे झोपलेली असतात. पिंगळ्याने मरण आणले नाही. दिव्याने पिंगळ्याला आणले.

दुसरा आरोप, त्याचे तोंड भुतासारखे आहे. २०१७ साली विशाखापट्टणमला एका बांधकामावर गव्हाणी घुबडाची पिल्ले सापडली, तेव्हा शिकलेल्या लोकांनीही ती परग्रहावरची माणसे आहेत असा गवगवा केला. वास्तविक ते बशीसारखे तोंड म्हणजे आवाज गोळा करण्याचे सूप आहे. सुपात धान्य जसे एका बाजूला येते, तसा बारीकसा खसखस आवाज त्या पिसांच्या कडेने कानाकडे येतो. त्याचे दोन कान एका पातळीत नसतात. एक जरा वर, एक जरा खाली असतो. त्यामुळे आवाज कोणत्या बाजूने व किती खालून आला, हे त्यास बरोबर कळते, आणि मिट्ट काळोखातही ते उंदरावर अचूक झेप घेते. पंखाच्या पुढच्या पिसांना फणीसारखे बारीक दाते असतात, म्हणून उडताना आवाज होत नाही. डोळे फिरत नाहीत, म्हणून मान पाऊण फेरा फिरते. डक्टमध्ये जे फिसकारते ते भूत नव्हे. भुकेली पिल्ले आईबापास हाका मारीत असतात, आणि कोणी जवळ गेले तर सापासारखे फूत्कारून आपला जीव राखू पाहतात.

तिसरा आरोप, ते दिवाभीत आहे. दिवसाला भिणारा प्राणी चांगला कसा असेल? चाकणच्या कारखान्यांत तिसऱ्या पाळीला जाणारी हजारो पोरे रात्रभर राबतात आणि दिवसा खिडकीला चादर लावून झोपतात. त्यांना कोणी अपशकुनी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पहाटे पाळी सुटल्यावर घरी परतणाऱ्या कामगाराला रस्त्याच्या कडेच्या खांबावर जे घुबड दिसते, तेही आपली पाळी संपवूनच निघालेले असते.

म्हाताऱ्या माणसांत आणखी एक समज आहे. घुबडाला ढेकूळ मारू नये. ते ढेकूळ उचलून पाण्यात टाकते, आणि ढेकूळ विरघळेल तसा मारणारा झिजत जातो. ही गोष्ट खोटी आहे खरी, पण या खोट्या भीतीने निदान घुबडाचा जीव तरी वाचत असे. आता ढेकळाची भीती गेली आणि अपशकुनाची तेवढी राहिली. म्हणजे अंधश्रद्धेतला जो भाग निरुपद्रवी होता तो आपण टाकला, आणि घातक होता तो जपून ठेवला.

आता शास्त्राचा आधार दाखवणाऱ्यांकडे वळू. हे लोक एका तोंडाने सांगतात की घुबड लक्ष्मीचे वाहन, आणि दुसऱ्या तोंडाने सांगतात की ते यमाचा दूत. ज्या पाहुणीची दिवाळीत पणत्या लावून वाट पाहायची, तिचे वाहन दाराशी आले तर काठी घेऊन धावायचे, हा कोणता न्याय? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात एक सूक्त आहे, त्यात कपोत आणि घुबड या दोघांचीही नावे येतात. तिथे निर्ऋतीचा दूत म्हणून मुख्य भीती कपोताची, म्हणजे कबुतराचीच आहे! आज त्याच कबुतराला चौकाचौकांत पुण्य म्हणून दाणे टाकतात. त्याच्या विष्ठेने फुप्फुसाचे विकार होतात म्हणून २०२५ साली मुंबईत कबुतरखाने बंद करण्याची पाळी आली, तर त्यावरून केवढा वाद माजला. एकाच सूक्तातला एक पक्षी पुण्याचा झाला आणि दुसरा पापाचा राहिला. यावरून दिसते ते एवढेच, की शकुन पक्ष्यात नसतो, सांगणाऱ्याच्या सोयीत असतो.

आणि ही सोय कोणाची, ते पाहा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि ब्रह्मराक्षसापाठी पैसे मागणारा. पूर्वी पहाटे कंदील घेऊन पिंगळा जोशी दारी येई. पिंगळ्याची भाषा आपणास कळते असे सांगून तो पसाभर धान्य मागे. तो बिचारा भटका, पोटासाठी दारोदार हिंडणारा. त्याच्याशी आमचे भांडण नाही. आताचा मांत्रिक पसाभर धान्यावर भागत नाही. शांत, उतारा, बंधन, होम अशी त्याची दरपत्रके असतात. 'पैशांचा पाऊस' पाडून देतो, मांडूळ आणा, घुबड आणा, असे सांगून कामगारांची पुंजी लुबाडणाऱ्या टोळ्याही याच भीतीच्या आणि लोभाच्या जोरावर जगतात. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेच्या भारतातील शाखेने २०१० साली घुबडांच्या चोरट्या व्यापारावर अहवाल काढला. मंत्रतंत्रासाठी आणि बळीसाठी घुबडे पकडली जातात, आणि दिवाळीच्या सुमारास हा व्यापार वाढतो, असे त्यात दाखवले आहे. लक्ष्मी यावी म्हणून लक्ष्मीच्या वाहनाची मान कापणे, याला काय म्हणावे?

याहून वाईट परिणाम घरात होतो. ज्या आठवड्यात घुबड दिसले, त्याच आठवड्यात घरात नवी सून आलेली असेल तर बोट तिच्या पायगुणाकडे जाते. विधवा असेल तर तिच्याकडे जाते. पक्षी उडून जातो, पण त्या बाईला उडून जाता येत नाही. ज्यांना घुबडाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, त्यांनी याचा विचार करावा.

कायदा आपल्या बाजूस आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, मारणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत दंड आहे. तथापि कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि भीती माजघरात असते; माजघरातली भीती आपल्यालाच काढावी लागेल.

ती काढण्यास हिशेबासारखे औषध नाही. एक उंदीर रोज तोळा-सव्वा तोळा धान्य खातो म्हटले, तरी वर्षाला पाच किलोंच्या घरात जाते. कुरतडून आणि लेंड्यांनी नासवतो ते वेगळे. कांद्याची चाळ, कणगी, पोती, कारखान्यातल्या विजेच्या तारा, काहीच तो सोडत नाही, आणि पावसाळ्यात लेप्टोचा ताप पसरवतो तोही तोच. उंदरीण वीस-बावीस दिवसांत विते. आता एका गव्हाणी घुबडाने रात्रीला दोनच उंदीर धरले, तरी वर्षाचे ७३० झाले, आणि जोडीचे १,४६०. घरट्यात चार-सहा पिल्ले असली म्हणजे शिकार आणखी वाढते. इतके काम करून ते ना धान्य मागते, ना मजुरी. इस्राएलच्या शेतकऱ्यांनी शेतात घुबडांसाठी पेट्या बसवल्या आणि विषाचा वापर कमी केला. पुढे २००२ पासून शेजारच्या जॉर्डनचे शेतकरीही त्या कामात आले. मलेशियाच्या ताडतेलाच्या मळ्यांतही अशाच पेट्या असतात. जे देश शेतीत पुढे गेले, ते घुबडाला घर देतात; आपण त्याला दगड देतो आणि दुकानातून उंदराचे विष आणतो. ते विष खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस सुस्त फिरतो, घुबड त्यास सहज पकडते आणि तेही मरते. मग उंदरांना मोकळे रान, आणि आपल्याला पुन्हा विषाचा खर्च!

म्हणून आता काय करावे, ते सांगतो. डक्टमध्ये घरटे असेल तर सुमारे दोन महिने दम धरा. पिल्ले उडाली की जागा साफ करून जाळी बसवा. पिल्लू खाली पडले तर त्यास दूध-भाकरी चारू नका. भोके पाडलेल्या खोक्यात, काळोखात व शांत जागी ठेवा आणि वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवा. दिवसा कावळ्यांनी घेरलेले घुबड दिसले तर पोरांना दगड मारू देऊ नका. संक्रांतीला नायलॉनचा मांजा विकत घेऊ नका. रात्री उडणाऱ्या पक्ष्यास तो दिसत नाही आणि त्याचे पंख चिरले जातात. शेत उरले असेल तर बांधावरचे ढोलीचे झाड तोडू नका. झाड नसेल तर गावच्या सुताराकडून दीड-दोन हात लांबीची, सहा इंचांचे तोंड असलेली फळ्यांची पेटी करवून उंच ठिकाणी बसवा. त्याचा खर्च एका शांतीच्या दक्षिणेहून कमीच येईल, आणि पैसा सुताराच्या घरात जाईल.

हे होण्यासारखे आहे. आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावी, इला फाउंडेशनने २०१८ च्या नोव्हेंबरात घुबडांचा उत्सव भरवला. ज्या पक्ष्याचे नाव घेऊ नये असे आजी सांगते, त्याची चित्रे खेड्यातल्या शाळेच्या पोरांनी हौसेने काढली. पोरांच्या मनात भीती जन्मतः नसते, ती आपण घालतो. तेव्हा पुढच्या वेळी सज्जात घुबड आले आणि पोराने "बा, हे काय?" असे विचारले, तर त्याचे तोंड झाकू नका. "हा आपल्या धान्याचा राखणदार, रात्रपाळीवर निघाला आहे," एवढेच सांगा. मग शांतीवाल्यास आपल्या दारी काही काम उरणार नाही.