सैल झालेला स्क्रू

वाचकहो, माणसाच्या डोक्यातला स्क्रू ढिला झाला, तर त्यावर या सदरात इलाज नाही. दारातला ढिला झाला, तर मात्र आहे; आणि तो मी कुरुंद्याला, माझ्या मावशीच्या घरी एका दिवाळीत शिकलो.

कुरुंदा हे वसमत तालुक्यातले गाव. १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तरी मावशीच्या तोंडी अजून परभणीच असते. जुलै २०२२ मध्ये गावात पूर आला, घरांत पाणी शिरले. मावशीचे जुने सागवानी दार त्या पाण्यात फुगले. पुढे ते वाळले. पण वरच्या बिजागरीचे स्क्रू गंजून सैल झाले होते. दर सणाला कुणी तरी ते आवळी आणि महिन्याभरात दार पुन्हा उंबऱ्याला घासू लागे.

मीही शहाणपणा केला. त्याच भोकात जाडा स्क्रू पिळून बसवला. चौकटीला बारीक चीर गेली, तिकडे मी काणाडोळा केला. दुपारी मावशीचा नातू दाराला लोंबकळला आणि बिजागरी चौकटीतून उपटून आली. मावशीने खांदा लावून दार तोलले, म्हणून लेकरू बचावले. फराळाचे ताट हातात घेऊन मी नुसता उभा होतो!

संध्याकाळी गावातले वृद्ध सुतारकाका आले. भोकाकडे पाहून म्हणाले, "काहून घाई केली, पाहुणे? स्क्रू लोखंडाच्या जोरावर धरत नाही, लाकडाच्या जोरावर धरतो."

खरेच आहे. स्क्रूचे आटे लाकडाच्या तंतूंत रुततात. गंज चढला, लाकूड वारंवार फुगले-आटले, की ते तंतू चुरतात. मग कितीही आवळा, स्क्रू पोकळीतच फिरतो. काडेपेटीच्या काड्या सरस लावून कोंबल्या तर हलकी खुंटी किंवा लहानशी कडी धरेल. जड दार धरणार नाही.

काकांची रीत अशी. आधी दाराखाली पाचर देऊन त्याचा भार काढला. मग भोकात दाभण टोचून पाहिले. लाकूड मऊ लागले तर ते कुजलेले समजावे. तेवढा भाग कोरून नवा तुकडाच बसवावा. आमचे टणक निघाले. गिरमिटाने भोक मोठे करून त्यांनी चुरा, गंज साफ केला. सागाचीच खुंटी तासली. पण तिचे तंतू चौकटीच्या तंतूंच्या दिशेनेच राहतील अशी. लांबीच्या तंतूची गोल काठी ठोकली, तर स्क्रू तिच्या टोकात शिरतो, आणि टोकाकडून लाकूड स्क्रूला घट्ट धरत नाही. खुंटीला व चिरेला सरस लावून शिकंजा आवळला. रात्रभर हात लावू दिला नाही. सकाळी वर आलेला भाग पटाशीने सपाट केला, स्क्रूच्या गाभ्याएवढे बारीक भोक पाडले, आट्यांना मेणबत्ती चोळली आणि स्क्रू हाताने पिळला. घट्ट बसला की थांबले. तिथून पुढचा प्रत्येक वेढा भोकाचा शत्रू!

कोकणातल्या लाकडी होडीवर हा रोग जास्त बळावतो. खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर गंजते. पितळेतले जस्त निघून जाते. वरून शाबूत दिसणारा स्क्रू पिळताच तुटतो. तिथे ब्राँझचा स्क्रू बरा, आणि खुंटीला साधा सरस न लावता पाण्याला दाद न देणारे इपॉक्सी लावावे. ज्या कडीला दोराची ओढ बसते, तिला स्क्रूवर सोपवूच नये. आरपार बोल्ट घालून मागून रुंद चकती द्यावी. दारात निष्काळजीपणा झाला तर मावशीचा खांदा असतो. भर समुद्रात कुणाचा असणार?

निघताना मी काकांना पैसे विचारले. ते हसले. "पैशाचं बघू. पुढच्या वेळी चीर दिसली की थांबा, एवढंच करा."

दिवाळीत घर झाडाल, तेव्हा प्रत्येक दार एकदा किंचित उचलून पाहा. हलले, तर आवळू नका. आधी उघडून पाहा.