मुलूजचे मोटार संग्रहालय : नवे प्रवेशद्वार, जुनी गिरणी

फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील आल्सास प्रांतातले मुलूज हे शहर एकेकाळी कापडगिरण्यांसाठी ओळखले जात असे. आज तेथे येणारा परदेशी पाहुणा बहुधा जुन्या मोटारी पाहण्यासाठी येतो. शहरातील एका जुन्या सूतगिरणीत असलेले ‘सिते द लोतोमोबिल’ हे राष्ट्रीय मोटार संग्रहालय २००६ मध्ये मोठ्या नूतनीकरणानंतर नव्या रूपात प्रेक्षकांसमोर आले. ४०० हून अधिक मोटारी आणि त्यांत शंभराहून अधिक बुगाती, एवढा मोठा संग्रह एका छपराखाली क्वचितच पाहावयास मिळतो.

नूतनीकरणाचा पहिला परिणाम प्रवेशापाशीच जाणवतो. पूर्वी गिरणीच्या विटांच्या भिंतीतून आत जावे लागे. आता काच आणि धातू यांची आधुनिक इमारत पाहुण्यांचे स्वागत करते आणि तिच्या दर्शनी भागावर मोटारींच्या आकृत्या अधांतरी लटकताना दिसतात. आत मांडणी तीन भागांत आहे : मोटारीच्या जन्मापासूनचा प्रवास, शर्यतीच्या गाड्या आणि शेवटी मंद प्रकाशातले अतिमूल्यवान नमुने. जुन्या मोटारीचा दांडा फिरवून पाहण्याची, तसेच उलटणाऱ्या गाडीत बसून अपघाताचा अनुभव घेण्याची सोयही करण्यात आली. मुलांना घेऊन येणारी कुटुंबे या भागात अधिक रेंगाळतात, यात नवल नाही.

तथापि, प्रेक्षकांच्या मनावर सर्वाधिक ठसा उमटतो तो मुख्य दालनाचा, आणि तो नूतनीकरणाच्या फार आधीचा आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर तृतीय पुलावरील दिव्यांच्या धर्तीवर घडवलेले शेकडो दिवे, त्यांच्यामधून जाणाऱ्या वाटा आणि दोन्ही बाजूंना शिस्तीत उभ्या असलेल्या मोटारी हे दृश्य प्रथमदर्शनी थक्क करणारे आहे. तासाभराने मात्र काहींना थकवाही येतो. एकामागून एक इतक्या बुगाती पाहिल्यावर डोळ्यांना फरक कळेनासा होतो, आणि ही तक्रार मोटारींचे जाणकारही करतात. त्या रांगांमधून वेगळी उठून दिसते ती ‘रॉयाल’. जवळपास १३ लिटर क्षमतेचे आठ सिलिंडरांचे इंजिन असलेली ही मोटार एत्तोरे बुगाती यांनी राजेरजवाड्यांसाठी योजली होती. जागतिक मंदीमुळे तिच्या मोजक्याच प्रती तयार झाल्या आणि त्यांपैकी तीनच ग्राहकांना विकल्या गेल्या. उरलेली इंजिने पुढे रेल्वेच्या डब्यांना बसवण्यात आली. मुलूजमध्ये दोन मूळ रॉयाल आहेत.

हा संग्रह उभा कसा राहिला, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. हान्स आणि फ्रित्झ श्लुम्फ हे दोघे बंधू लोकरी धाग्याच्या गिरण्यांचे मालक होते. १९५७ मध्ये त्यांनी मुलूजमधील ही जुनी गिरणी घेतली आणि पुढील काळात तेथे मोटारी आणून ठेवण्यास आरंभ केला. १९६० च्या दशकात फ्रित्झ यांनी बुगाती मिळेल तेथून विकत घेतल्या. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या जॉन शेक्सपिअर या संग्राहकाकडून तर ३० बुगाती एकदम घेतल्या आणि त्या रेल्वेने व जहाजाने फ्रान्सला आणल्या. मोटारींची दुरुस्ती करणारे कारागीर गिरणीच्या आतच काम करीत व बाहेर त्याविषयी बोलण्यास त्यांना मनाई होती. संग्रहालय उघडण्याचा विचार बोलला जात असे. प्रत्यक्षात दारे बंदच राहिली.

१९७० च्या दशकात युरोपातील वस्त्रोद्योग अडचणीत आला. १९७६ मध्ये श्लुम्फ यांच्या गिरण्या कोलमडल्या आणि कामगारांच्या रोषामुळे दोघा बंधूंना स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. मार्च १९७७ मध्ये कामगारांनी मुलूजच्या गिरणीत प्रवेश केला. आत दिव्यांच्या रांगा होत्या, चकाकणाऱ्या मोटारी होत्या. वेतन आणि नोकरी गमावलेल्या माणसांनी ते पाहिले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. त्यांनी त्या जागेला ‘कामगारांची फॅक्टरी’ असे नाव दिले आणि दोन वर्षे ती ताब्यात ठेवून लोकांसाठी खुली केली. म्हणजे आज राष्ट्रीय म्हणवले जाणारे हे संग्रहालय सामान्य जनतेला प्रथम दाखवले ते बेकार झालेल्या गिरणी कामगारांनी.

पुढे देणेकऱ्यांची देणी फेडण्यासाठी मोटारी विकून टाकाव्यात, असा आग्रह होता. १९७८ मध्ये शासनाने संग्रहाला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिल्याने तो देशाबाहेर जाणे टळले. १९८१ मध्ये ४ कोटी ४० लाख फ्रँकना तो एका संस्थेने विकत घेतला. बाजारभावाच्या मानाने ही रक्कम फारच कमी होती, असा आक्षेप श्लुम्फ कुटुंबाने घेतला आणि न्यायालयीन वाद वर्षानुवर्षे चालला. जुलै १९८२ मध्ये संग्रहालय अधिकृतपणे खुले झाले. संग्रहाशी श्लुम्फ यांचे नाव आजही जोडलेले आहे.

याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईत गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला होता. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण मुंबईच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल आणि मनोरे पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला मुलूजच्या गिरणीत चालताना गिरणगाव आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे निदान गिरणीची इमारत उरली.

नूतनीकरणाविषयीची खरी शंका येथेच उपस्थित होते. नव्या मांडणीत मोटार हीच नायिका आहे. प्रकाशयोजना, मोठी छायाचित्रे, शर्यतीचा थरार हे सारे तिच्याभोवती रचले आहे. बाहेर पडणारा पाहुणा रॉयालच्या लांबीविषयी आणि तिच्या बॉनेटवरील हत्तीविषयी बोलतो. ज्यांच्या श्रमातून गिरण्यांचा नफा आला आणि नफ्यातून मोटारी आल्या, त्यांच्याविषयी तो क्वचितच बोलतो. संग्रहालय देखणे व्हावे, तिकीट काढून लोकांनी पुन्हा यावे, ही व्यवस्थापनाची गरज समजण्यासारखी आहे. परंतु या वास्तूची सर्वात विलक्षण गोष्ट तिच्या स्वतःच्या भिंतींमध्येच घडलेली असताना तिला दुय्यम स्थान मिळावे, हे खटकते.

झळाळीविषयी आणखी एक मतभेद आहे. श्लुम्फ यांच्या काळात अनेक मोटारी नव्यासारख्या करण्यात आल्या. आजच्या अनेक संग्राहकांना मूळ रंग, झिजलेले कातडे आणि गंजाचे डाग हेही इतिहासाचे पुरावे वाटतात. याच संग्रहातील दुरुस्त न झालेल्या मोटारींचा एक साठा पुढे वेगळा झाला व २००८ मध्ये अमेरिकेतील पीटर मुलिन यांनी तो घेतला. कॅलिफोर्नियातील ऑक्सनर्ड येथील त्यांच्या संग्रहालयात त्यांपैकी अनेक गाड्या धुळीसकट मांडण्यात आल्या होत्या. ते संग्रहालय २०२४ मध्ये बंद झाले. खासगी संग्रहाचे आयुष्य मालकाच्या आयुष्याशी बांधलेले असते, ही बाब तेथेही दिसून आली.

भारतात हा प्रश्न परका नाही. संस्थानिकांच्या मोटारींचे मोठे भांडार आपल्याकडे होते व त्यांतील कित्येक स्वातंत्र्यानंतर परदेशी गेल्या. पुढे अशा निर्यातीवर बंदी आली, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची पद्धत जाहीर केली. अहमदाबादजवळ दास्तान येथील प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह, गुरुग्रामजवळ तावडू येथे २०१३ मध्ये सुरू झालेले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम हे प्रयत्न महत्त्वाचे आहेत, पण ते मुख्यतः व्यक्तींच्या पुढाकारातून उभे राहिलेले आहेत. अशा संग्रहावर संकट आल्यास तो एकसंध ठेवण्यासाठी मुलूजप्रमाणे हस्तक्षेप करणारी ठोस यंत्रणा आपल्याकडे अद्याप दिसत नाही.