पात्रता माणसाची की खुर्चीची?

मराठीच्या प्राध्यापकाकडे व्याकरणाची शंका घेऊन कोणी येत नाही. येतात ते जन्माचे, लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले घेऊन. अमेरिकन सरकारकडे मराठी कागद पाठवायचा तर त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, आणि ते बिनचूक आहे असे भाषांतर करणाराने खाली सही करून सांगावे लागते. ही सही मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या निमित्ताने बाकीची फाइलही नजरेखालून जाते, आणि काम आटोपले की चहाबरोबर घरगुती प्रश्न निघतात.

एक सद्गृहस्थ असेच आले होते. चिरंजीवांनी डिप्लोमा केलेला. चाकणच्या एका कारखान्यात नऊ वर्षे टूल-डायच्या कामावर. हात असा की लोखंडाने ऐकावे. पण मुलाला अमेरिकेत कायमचे राहायचे, त्यासाठी ग्रीन कार्ड हवे, ग्रीन कार्डासाठी एम. एस. हवे, आणि एम. एस.साठी राहता ब्लॉक गहाण टाकायचा, असा बेत घरात ठरत आला होता. "नुसत्या डिप्लोमाला तिकडे कोण विचारतो, सर?" असे ते म्हणाले.

वाचकहो, मौज अशी की तिकडचा कायदा विचारतो. नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड देण्याची आजची व्यवस्था 1990च्या कायद्याने घातलेली आहे. वर्षाला साधारण 1,40,000 जागा, बायकामुले धरून. त्यांत दुसरा वर्ग उच्च पदवीवाल्यांचा किंवा असामान्य कौशल्य असणाऱ्यांचा, आणि तिसऱ्या वर्गात 'कुशल कामगार' असा एक स्वतंत्र पोटवर्ग आहे. त्याची अट एवढीच, की काम असे हवे ज्याला किमान दोन वर्षांचे शिक्षण किंवा अनुभव लागतो. पदवीचे नावही तिथे नाही.

आता यातली खरी गोम ऐका. आपण समजतो की सरकार माणसाची पदवी पाहून त्याला वर्गात बसवते. तसे नाही. वर्ग ठरतो तो खुर्चीचा. मालकाने कामगार खात्याकडे जो अर्ज केला, त्यात त्या जागेसाठी कमीत कमी काय लागते असे लिहिले, यावर सारे अवलंबून. जागेला दोन वर्षांचा अनुभव पुरतो असे लिहिले असेल, तर त्या खुर्चीवर पीएच. डी. येऊन बसले तरी ते तिसऱ्याच वर्गात जाणार. आमच्या कॉलेजात याच्या बरोबर उलटे चालते. तिथे आधी माणसाच्या पदव्या मोजतात आणि काम काय आहे ते मग शोधतात. पण ते राहू द्या.

मालकाला वाटेल ते लिहिता येत नाही हेही खरे. त्याने त्या भागात त्या कामाला चालू असलेला पगार देऊ करायचा, रविवारच्या दोन अंकांत जाहिरात द्यायची, आणि लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही हे दाखवायचे. या पायरीवरचा वकिलाचा नि जाहिरातींचा खर्च 2007पासून मालकानेच सोसला पाहिजे, असा तिथला नियम आहे. तेव्हा कोणी एजंट "लेबरचे काम करून देतो, अमुक लाख टाका" असे म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. चहा न पाजला तरी चालेल.

पदवीधरांनाही यात एक चिमटा आहे, आणि तो मला विशेष झोंबतो, कारण मी बी. ए.चे वर्ग शिकवतो. आपली तीन वर्षांची बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. ही त्यांच्या चार वर्षांच्या पदवीच्या तोलाची नाही, असा तिथला निर्णय 1977 सालापासून चालत आलेला आहे. त्यामुळे पदवी आणि पुढे पाच वर्षांचा चढता अनुभव असला की दुसऱ्या वर्गाची वाट मोकळी, ही जी सोय आहे, तीत तीन वर्षांचा पदवीधर एकट्या त्या पदवीवर अडकतो. मग पुष्कळदा तोही 'कुशल कामगार' म्हणूनच अर्ज करतो. म्हणजे घरात ज्या भाच्याला आयटीआयला गेला म्हणून नाके मुरडली, तो आणि बी. कॉम. झालेला चुलतभाऊ एकाच बाकावर!

या बाकावर बसायला लागतो तो अनुभवाचा दाखला, आणि आमची माणसे खचतात ती इथे. दाखल्यात जुन्या मालकाचे नाव-पत्ता, हुद्दा, तारखा आणि काय काम केले याचे वर्णन हवे. बहुधा ज्या कंपनीमार्फत अर्ज करायचा, तिथलाच अनुभव धरत नाहीत. त्या आधीचा लागतो. आणि आधीची जागा म्हणजे कुठली? तर भोसरीच्या गल्लीतले चार लेथचे वर्कशॉप. मालक थकलेले, वर्कशॉप बंद, हजेरीचे पुस्तक रद्दीत गेलेले. एका दाखल्यात मी वाचले आहे, "मुलगा होतकरू असून सर्व कामे करीत असे." याहून सुंदर प्रशस्तिपत्र मराठीत होणे नाही, पण त्याचे इंग्रजी करून उपयोग शून्य. मिलिंग केले की ग्राइंडिंग, साचा स्वतः आखला की दुसऱ्याने आखलेला तासला, ते लिहायला हवे. मालक हयात आहेत तोवर असा कागद करून घ्यावा, मुलगा अमेरिकेला जावो न जावो. मालकच उरला नसेल तर बरोबरीच्या कामगारांची प्रतिज्ञापत्रे जोडण्याची वाट असते, पण ती कच्ची.

हे सगळे जमले तरी पुढे रांग आहे. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण जागांच्या 7 टक्क्यांहून अधिक सहसा मिळत नाहीत. भारतात जन्मलेल्यांची रांग दुसऱ्या वर्गातही आणि तिसऱ्यातही दहा वर्षांहून लांब. एम. एस. केल्याने ती तुटत नाही. उलट 2020च्या ऑक्टोबरात असे घडले की तिसऱ्या वर्गाची तारीख 2010च्या जानेवारीपर्यंत पोचली आणि दुसऱ्याची 2009च्या सप्टेंबरलाच थबकली. तेव्हा एम. एस. झालेले कितीतरी लोक आपणहून खालच्या वर्गात अर्ज करू लागले! मी सद्गृहस्थांना हेच सांगितले. ब्लॉक गहाण टाकून मुलगा शिकेल, त्याला नोकरीही लागेल कदाचित. पण ग्रीन कार्ड ब्लॉकच्या किमतीत येत नाही. आणि डिप्लोमावर इथूनच अर्ज करायचा, तर दहा वर्षे खुर्ची राखून ठेवणारा मालक आधी भेटायला हवा. तसा मालक मी अजून पाहिलेला नाही.

कॅनडाने हा प्रश्न निराळ्या अंगाने घेतला. 1967मध्ये त्यांनी गुणांची पद्धत आणली. शंभरांपैकी पन्नास मिळाले की पास. शाळा-कॉलेजच्या दर वर्षाला एक गुण, पण वीसच्या वर नाही. पुढे 2013च्या जानेवारीत कुशल कारागिरांसाठी वेगळी योजना काढली, तीत शिक्षणाची किमान अटच ठेवली नव्हती. गवंडी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांनी कामाचा अनुभव दाखवायचा आणि इंग्रजी किंवा फ्रेंचची परीक्षा द्यायची. देशवार वाटणीची अशी रांगही तिथे नाही. साच्यावाल्या चिरंजीवांनी इंग्रजी बोलण्याची शिकवणी लावावी, असे मी सुचवले. वडिलांचा चेहरा किंचित पडला. शिकवणीची पाटी दारावर लावता येत नाही ना!

अमेरिकेच्या रांगेत आधीच उभ्या असलेल्यांची मात्र वेगळीच काळजी आहे. आईबापांच्या अर्जावर मुलाला ग्रीन कार्ड मिळते ते त्याला 21 वर्षे पुरी होईपर्यंत. 2002च्या कायद्याने मालकाचा अर्ज तपासण्यात सरकारने घालवलेला काळ वयातून वजा होतो. रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत. दोन वर्षांची असताना गेलेली पोर रांगेतच कॉलेजात पोचते आणि आईबापांच्या अर्जावरून गळून पडते. हल्ली कोणी मुलीच्या जन्माचा दाखला भाषांतराला आणला, की नावगावाआधी माझी नजर तारखेवर जाते, आणि बोटांच्या पेरांवर मी वर्षे मोजू लागतो. समोरची आई तेवढ्यात म्हणते, "सर, आम्ही मोजली आहेत."