गृहशिक्षण : पालकांची श्रद्धा आणि मुलाचे मत

अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती कुटुंबे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतात आणि त्यामागील धार्मिक कारण उघडपणे सांगतात. भारतीय वाचकाला हे नवलाचे वाटेल. ख्रिस्ती धर्मसंस्था म्हटली की भारतात प्रथम शाळाच आठवते. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२४ मध्येच मुलींची शाळा सुरू केली होती. ते मिशनरी ज्या देशातून आले, तेथील श्रद्धाळू पालक शाळेकडे पाठ का फिरवू लागले?

१९६२ आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील शाळापुरस्कृत प्रार्थना व बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले. पुढे उत्क्रांतिवाद आणि लैंगिक शिक्षणावरून वाद वाढले. शाळा तटस्थ आहे, हा दावाच या पालकांना मान्य नव्हता. देवाला वगळून जगाची ओळख करून देणे हीसुद्धा एक शिकवणच, असे त्यांचे म्हणणे. मुलांना धर्माचरण शिकवण्याचे काम जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाने आईवडिलांवर सोपवले आहे, हा त्यांचा मुख्य आधार.

गंमत अशी की, १९७७ मध्ये गृहशिक्षणासाठी नियतकालिक काढणारे जॉन होल्ट हे शिक्षणविचारक धर्मप्रेरित नव्हते. मात्र १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन’ने न्यायालयांत आणि विधिमंडळांत जो लढा दिला, त्यामागे प्रामुख्याने ख्रिस्ती कुटुंबांचे बळ होते. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले.

सरकारी पाहणीनुसार २००७ मध्ये सुमारे १५ लाख मुले घरी शिकत होती. धार्मिक वा नैतिक शिक्षण हे सर्वांत महत्त्वाचे कारण असल्याचे ३६ टक्के पालकांनी सांगितले. २०१६ मध्ये केवळ धार्मिक शिक्षणाला पहिले स्थान देणारे १६ टक्के होते, तर शाळेतील वातावरणाची चिंता ३४ टक्क्यांनी पुढे केली. प्रश्नाची शब्दरचना बदलली असल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. शिवाय ‘वातावरण’ या शब्दात श्रद्धाळू पालक पुष्कळ काही सामावून घेऊ शकतात.

जर्मनीत चित्र उलटे आहे. तेथील सरकारी शाळांत धर्मशिक्षण हा नियमित विषय आहे, धर्मसंस्थांच्या खासगी शाळाही चालतात. मात्र श्रद्धेच्या कारणावरून मुलांना घरी शिकवण्याची मुभा नाही. लैंगिक शिक्षण आणि चेटकिणींच्या परीकथांवर आक्षेप घेणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबाची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये दाखल करून घेतली नाही. समाजात समांतर समाज निर्माण होऊ नयेत, हा जर्मन न्यायालयांचा युक्तिवाद त्याने ग्राह्य धरला. दुसऱ्या प्रकरणात मुलांना तीन आठवडे पालकांपासून दूर ठेवण्याची कारवाईही त्याने २०१९ मध्ये योग्य ठरवली. अमेरिकेत आश्रय मागणाऱ्या एका जर्मन कुटुंबाला २०१३ मध्ये तेथील अपील न्यायालयाने नकार दिला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण ऐकले नाही. पाठोपाठ प्रशासनाने मात्र त्यांना राहू दिले.

या साऱ्यात मुलाचे मत कोण विचारतो? १९७२ च्या ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्यात आमिश पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेतून काढण्याची मोकळीक मिळाली. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः भिन्नमत नोंदवले : ज्याचे भवितव्य ठरते आहे, त्या मुलालाही म्हणणे मांडू दिले पाहिजे. बहुमताने तो मुद्दा खटल्याच्या कक्षेबाहेरचा मानला. राज्यांचे नियमही पालकांभोवतीच फिरतात. न्यूयॉर्कमध्ये पालकांना वार्षिक आराखडा व तिमाही अहवाल द्यावे लागतात. टेक्सासमध्ये घरी शिकवतो आहोत, एवढेही शासनाला कळवावे लागत नाही.